फँटसी बास्केटबॉलची क्रमवारी दरवर्षी त्याच जागी का बिघडते, आणि बिघाड कसा शोधायचा

फँटसी बास्केटबॉलमध्ये एनबीए या अमेरिकी लीगच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा असतो; पाळीपाळीने होणारी ती निवड म्हणजे ड्राफ्ट. ड्राफ्टच्या आदल्या रात्री यादी तयार असते. वरची वीस-पंचवीस नावं बरोबर वाटतात, कारण ती सगळ्यांच्याच यादीत असतात. मग चाळिसाव्या नावाच्या आसपास असा एखादा खेळाडू दिसतो जो तिथे असायला नको. त्याला हाताने खाली ढकलायचं, दुसऱ्याला वर घ्यायचं, असं करत पहाट होते. हंगाम सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत कळतं की संघ गुणांमध्ये पुढे आहे, पण मोजल्या जाणाऱ्या नऊपैकी पाच कॅटेगरी (रिबाउंड, ब्लॉक वगैरे) दर आठवड्याला हातातून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझ्या बाबतीत हे सलग काही हंगाम झालं. शेवटी मी जुन्या स्प्रेडशीट उघडून एकेक रकाना तपासला. माझा समज होता की खेळाडू ओळखण्यात माझी चूक होते. तसं क्वचितच निघालं. बहुतेक वेळा चूक गणितात होती, आणि ते गणित मी दर हंगामात जसंच्या तसं पुढच्या शीटमध्ये उचलत होतो. म्हणून हाताने नावं वरखाली करण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासलं तर वेळ वाचतो.

इथे मी नऊ कॅटेगरींची, समोरासमोर सामने असलेली लीग धरली आहे, म्हणजे दर आठवड्याला एक प्रतिस्पर्धी आणि प्रत्येक कॅटेगरीचा एक विजय: गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू), असिस्ट (बास्केटकडे नेणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला फटका), थ्री (दुरून मारलेली तीन गुणांची बास्केट), फील्ड गोल टक्केवारी (चालू खेळातले किती फटके बास्केटमध्ये गेले), फ्री थ्रो टक्केवारी आणि टर्नओव्हर (गमावलेला चेंडू). तुमची लीग थेट पॉइंट्सची असेल, म्हणजे प्रत्येक आकड्याला ठरलेले पॉइंट्स, तर टक्केवारी आणि संदर्भगट (सरासरी कोणाची काढायची) हे दोन भाग सोडून द्या; फक्त संदर्भगटाच्या शेवटी सांगितलेलं किंमत शून्य करण्याचं काम करा. सामने, मिनिटं आणि नावांच्या जुळणीचे भाग तुम्हालाही लागतील.

आधी दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवा

क्रमवारीचे दोन भाग असतात. एक अंदाज: हा खेळाडू यंदा किती मिनिटं खेळेल, किती गुण करेल. दुसरं सूत्र: त्या आकड्यांची एकच किंमत कशी काढायची. यादी चुकीची वाटते तेव्हा आपण हे दोन्ही एकदम ढवळतो आणि मग काहीच कळत नाही.

त्यापेक्षा हा प्रयोग करा. अंदाजांचे रकाने बाजूला ठेवा आणि त्या जागी मागच्या पूर्ण झालेल्या हंगामाचे खरे आकडे भरा. अंदाज उरलाच नाही, म्हणजे आता जी यादी निघेल ती फक्त सूत्राची. २०२४-२५ चे प्रतिसामना आकडे घेतले तर निकोला योकिच (२९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट) आणि शै गिल्जस-अलेक्झांडर (३२.७ गुण, फ्री थ्रो ८९.८ टक्के) अगदी वर यायला हवेत. व्हिक्टर वेंबन्यामाही त्यांच्याजवळ दिसायला हवा. यातला एखादा पंधराव्या जागी गेला, किंवा एखादा दहा मिनिटं खेळणारा राखीव खेळाडू तिसाव्या जागी आला, तर सूत्रात दोष आहे. यादी नीट दिसली तर सूत्र ठीक आहे आणि गोंधळ अंदाजात आहे.

हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे. मी तो कित्येक वर्षं केला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

टक्केवारीचा रकाना: सगळ्यात जास्त वेळा इथेच चुकतं

लक्षण असं: बास्केटवर कमी फटके (शॉट) मारणारे उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारे) यादीत फार वर, आणि दर रात्री वीस फटके मारणारे मोठे खेळाडू अपेक्षेपेक्षा खाली.

कारण साधं आहे. फील्ड गोल टक्केवारीला आपण गुणांसारखंच वागवतो: सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाने) भागा, झाला झेड-स्कोअर. नऊ कॅटेगरींच्या झेड-स्कोअरची बेरीज म्हणजे खेळाडूची किंमत. पण टक्केवारी हा मोजलेला आकडा नव्हे, ते गुणोत्तर आहे. संघाच्या टक्केवारीवर एखाद्या खेळाडूचा किती परिणाम होईल ते त्याच्या प्रयत्नांच्या संख्येवर ठरतं.

मिचेल रॉबिन्सनने २०१९-२० मध्ये ७४.२ टक्के फील्ड गोल केले, तेव्हाचा तो हंगामाचा विक्रम होता. पण प्रयत्न प्रतिसामना साधारण ५.६. यानिस अँटेटोकुन्पोची २०२३-२४ मधली टक्केवारी ६१.१, प्रयत्न साधारण १८.८. नुसती टक्केवारी पाहिली तर रॉबिन्सन खूप पुढे. आता सरासरी ४७ टक्के धरून परिणाम काढू:

रॉबिन्सन: (०.७४२ − ०.४७) × ५.६ = सुमारे १.५
यानिस: (०.६११ − ०.४७) × १८.८ = सुमारे २.६५

म्हणजे सरासरी नेमबाजाने तेवढ्याच प्रयत्नांत जितक्या बास्केट केल्या असत्या, त्यापेक्षा यानिस दर सामन्याला अडीचहून अधिक जास्त देतो, रॉबिन्सन दीड. फील्ड गोल टक्केवारीसाठीसुद्धा यानिसच जास्त मोलाचा. उलटी क्रमवारी देणारी शीट मी तीन हंगाम वापरली.

फ्री थ्रोच्या बाजूला हेच गणित यानिसच्या विरोधात जातं. त्याच हंगामात त्याची फ्री थ्रो टक्केवारी ६५.७ होती आणि प्रयत्न १०.७. सरासरी ७८ टक्के धरली तर (०.६५७ − ०.७८) × १०.७ = −१.३. आता असा राखीव खेळाडू घ्या जो ५० टक्के मारतो पण दर सामन्याला एकच फ्री थ्रो घेतो: (०.५० − ०.७८) × १ = −०.२८. नुसत्या टक्केवारीत राखीव खेळाडू जास्त वाईट दिसतो. प्रत्यक्षात तुमच्या संघाचं नुकसान यानिस जवळजवळ पाचपट करतो. शैसारखा नेमबाज सोबत असला तरी तो खड्डा पुरता भरत नाही: ८९.८ टक्के, ८.८ प्रयत्न, म्हणजे साधारण +१.०.

दुरुस्ती: दोन्ही टक्केवाऱ्यांसाठी असा वेगळा 'परिणाम' रकाना करा, म्हणजे (खेळाडूची टक्केवारी − गटाची टक्केवारी) × प्रयत्न. झेड-स्कोअर त्या रकान्याचा काढा. मूळ टक्केवारीचा रकाना डोळ्यांना दिसू द्या, पण बेरजेत घेऊ नका.

यातही एक उपचूक दडलेली असते. 'गटाची टक्केवारी' काढताना सगळ्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेतली जाते. ते चूक आहे. गटाने मारलेल्या सगळ्या बास्केट भागिले गटाचे सगळे प्रयत्न, हीच खरी टक्केवारी. ती बरोबर घेतली आहे का, याची खूण सोपी आहे: परिणाम रकान्याची संपूर्ण गटाची बेरीज शून्य यायला हवी. शून्य येत नसेल तर सूत्र पुन्हा बघा.

सरासरी कोणाची?

हा दोष दिसत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त टिकतो.

एनबीएमध्ये ३० संघ आणि एका हंगामात पाचशेहून अधिक खेळाडू मैदानात उतरतात. तुमच्या लीगमध्ये १२ संघ आणि प्रत्येकाकडे १३ जागा असतील तर घेतले जाणार १५६. मग सरासरी आणि प्रमाण विचलन पाचशे जणांचं काढायचं की १५६ जणांचं?

पाचशे जणांचं काढलं तर सरासरी फार खाली येते आणि तुमच्या कामाचा प्रत्येक खेळाडू जवळजवळ प्रत्येक कॅटेगरीत सरासरीच्या वर दिसतो. कॅटेगरींमधला तोलही बिघडतो. ब्लॉकचं बघा: बहुतेक खेळाडू दर सामन्याला अर्धासुद्धा ब्लॉक करत नाहीत, सगळे शून्याजवळ दाटलेले. त्यामुळे प्रमाण विचलन लहान निघतं आणि जो थोडेफार ब्लॉक करतो त्याचा झेड-स्कोअर फुगतो. यादीत मध्येच चार-पाच अनोळखी सेंटर वर का आले, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

अडचण अशी की कोणते १५६ ते ठरवायला क्रमवारी लागते, आणि क्रमवारी काढायला ते १५६ लागतात. यावर उपाय आहे, पण तो एका फेरीत होत नाही:

पहिल्या फेरीत दर सामन्याला वीसहून अधिक मिनिटं खेळणारे सगळे घ्या आणि यादी काढा. त्या यादीतले वरचे १५६ निवडा. सरासरी, प्रमाण विचलन आणि गटाची टक्केवारी फक्त या १५६ वरून पुन्हा काढा, पण झेड-स्कोअर सगळ्यांना लावा. आता नवे वरचे १५६ घ्या. असं करत राहा. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर नावं बदलणं जवळजवळ थांबतं. थांबलं की तो तुमचा संदर्भगट.

लीग १० संघांची असेल तर हा गट लहान होईल आणि सरासरी वर जाईल. १४ संघांची असेल तर उलट. म्हणून दुसऱ्याच्या लीगसाठी बनवलेली क्रमवारी तुमच्या लीगमध्ये जशीच्या तशी चालत नाही, ती कितीही हुशार माणसाने बनवलेली असो.

याच टप्प्यावर आणखी एक काम उरका. १५६ व्या खेळाडूची एकूण बेरीज जी येईल ती सगळ्यांच्या बेरजेतून वजा करा, म्हणजे त्याची किंमत शून्य होईल. तो शून्य म्हणजे 'फुकटात मिळणारा खेळाडू'. पुढे सामन्यांच्या भागात याची गरज पडणार आहे.

ब्लॉक आणि स्टील: बरोबर गणितातूनही चुकीचं उत्तर

संदर्भगट नीट केला तरी ब्लॉकचा रकाना थोडा फुगलेला राहतो. वेंबन्यामाने २०२३-२४ मध्ये दर सामन्याला ३.६ ब्लॉक केले. समजा तुमच्या गटाची सरासरी ०.७ आणि प्रमाण विचलन ०.६ आलं, तर त्याचा झेड-स्कोअर ४.८. गणित चुकलेलं नाही. पण समोरासमोरच्या लीगमध्ये ब्लॉक ही कॅटेगरी आठवड्यात एकदाच जिंकता येते. एकने जिंका नाहीतर वीसने, खात्यात एकच विजय पडतो. वरचा सगळा साठा वाया जातो.

मी एका कॅटेगरीतला झेड-स्कोअर ३ च्या वर जाऊ देत नाही. वेंबन्यामाच्या जागेवर याचा काही फरक पडत नाही, तो बाकी कॅटेगरींतही इतकं देतो की ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतच राहतो. फरक पडतो तो मधल्या फेऱ्यांतल्या, ब्लॉक सोडून फारसं काही न देणाऱ्या खेळाडूंना. ते खाली येतात, आणि माझ्या मते ते तिथेच असायला हवेत. ही मर्यादा ३ च का? यामागे सिद्धता नाही, हे माझं मत आहे. २.५ ठेवलं तरी मी भांडणार नाही.

स्टीलचा प्रश्न जरा वेगळा. एका आठवड्यात खेळाडूचे तीन-चार सामने होतात. त्यात गुणांचा आकडा सरासरीजवळ राहतो, पण स्टील एका आठवड्यात दोन आणि पुढच्या आठवड्यात नऊ असे येतात. म्हणजे स्टीलमध्ये कागदावर मिळवलेला फायदा प्रत्यक्ष विजयात कमी उतरतो. समोरासमोरच्या लीगसाठी मी स्टीलचं वजन १ ऐवजी ०.८ च्या आसपास धरतो. संपूर्ण हंगामाची बेरीज पाहणारी रोटो लीग असेल तर ते १ च ठेवा, कारण एवढ्या सामन्यांत चढउतार आपोआप सपाट होतात.

टर्नओव्हर

लक्षण: कमी खेळणारे, चेंडूला हातही न लावणारे खेळाडू पन्नाशीच्या आत.

आधी चिन्ह तपासा. टर्नओव्हर जास्त म्हणजे वाईट, तेव्हा झेड-स्कोअर उलटा हवा. हे हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे, पण रकाने नव्याने लावताना नेमकं हेच विसरतं. चिन्ह बरोबर असूनही लक्षण तसंच असेल तर दोष कॅटेगरीच्या स्वभावात आहे. चेंडू ज्याच्या हातात जास्त वेळ, तोच जास्त गमावतो. जेम्स हार्डनने २०१६-१७ मध्ये ४६४ टर्नओव्हर केले, एका हंगामाचा तो विक्रम, आणि त्याच हंगामात असिस्टमध्ये तो लीगमध्ये अव्वल होता. टर्नओव्हरला पूर्ण वजन दिलं की यादी चांगल्या खेळाडूंना चांगलं असण्याचा दंड लावते. मी वजन अर्ध्यावर आणतो. शिवाय ज्याच्या आठवड्यात सामने जास्त त्याचे टर्नओव्हरही जास्त होणार, त्यामुळे ही कॅटेगरी ठरवून जिंकणं कठीणच.

सामने किती?

प्रतिसामना यादीत दर वर्षी तेच खेळाडू मोहात पाडतात. जोएल एम्बीड २०२३-२४ मध्ये दर सामन्याला ३४.७ गुण करत होता, पण खेळला ३९ सामने. कवाई लेनर्ड त्याच हंगामात ६८ सामने खेळला, पुढच्या हंगामात ३७. वेंबन्यामा २०२४-२५ मध्ये ४६ सामन्यांवर थांबला, कारण उजव्या खांद्यात रक्ताची गाठ निघाली. दुसऱ्या टोकाला मिकाल ब्रिजेस: २०२२-२३ च्या मध्यात त्याची ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाली आणि दोन संघांची वेळापत्रकं मिळून ८२ सामन्यांच्या हंगामात तो ८३ सामने खेळला.

दोन्ही टोकं चुकीची आहेत. नुसतं प्रतिसामना पाहिलं तर दुखापतींकडे डोळेझाक होते. नुसती हंगामाची बेरीज पाहिली तर गेल्या वर्षीच्या दुखापतीची शिक्षा या वर्षी मिळते, आणि तुमच्याकडे जखमी खेळाडूची जागा भरायला बदली असतो हेही विसरतं.

म्हणून: किंमत × (अपेक्षित सामने ÷ ८२). किंमत ९ असलेल्या खेळाडूकडून ५५ सामन्यांची अपेक्षा असेल तर ९ × ५५ ÷ ८२ = ६.०४. किंमत ६.६ असलेला ७६ सामने खेळेल असं वाटत असेल तर ६.१२. दुसरा किंचित पुढे. उरलेले सामने बदली खेळाडू खेळेल, आणि त्याची किंमत आपण आधीच शून्य करून ठेवली आहे.

तो शून्य मघाशी का हवा होता ते इथे कळतं. बेरजेतून १५६ व्या खेळाडूची किंमत वजा केलेली नसेल तर शून्य भलत्याच जागी बसतो. यादीच्या खालच्या अर्ध्यात बेरजा उणे असतात, आणि उणे आकड्याला कमी सामन्यांनी गुणलं की तो शून्याच्या जवळ, म्हणजे वर सरकतो. परिणामी तिथले दुखापतग्रस्त खेळाडू धडधाकट खेळाडूंच्या वर जातात. मला हे एकदा दिसलं तेव्हा तासभर मी खेळाडूंची माहितीच तपासत बसलो होतो.

अपेक्षित सामन्यांचा आकडा काढताना मी मागचे तीन हंगाम बघतो आणि कोणालाही ७६ च्या वर देत नाही. २०२३-२४ पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या लीगच्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) आठवड्यांत एखाद्या खेळाडूचे ६५ सामने होऊन गेले असतील आणि त्याचा संघ तळाला असेल, तर ती अट त्याला मैदानावर ठेवणार नाही. तळाच्या संघांतल्या वयस्क खेळाडूंसाठी मी यादीत एक खूण करून ठेवतो.

अंदाजाच्या अर्ध्यातला दोष: मिनिटं

मागच्या हंगामाच्या खऱ्या आकड्यांवर यादी नीट आली, म्हणजे सूत्र शुद्ध. मग यंदाची यादी तिरकी का? बहुतेक वेळा मिनिटांमुळे.

डायसन डॅनियल्स हे यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण. २०२३-२४ मध्ये न्यू ऑर्लीन्सकडून तो दर सामन्याला २२.३ मिनिटं खेळला, १.४ स्टील. २०२४ च्या उन्हाळ्यात तो ट्रेडमध्ये अटलांटाला गेला. नुसते प्रतिसामना आकडे पुढे ओढणाऱ्या शीटमध्ये तो दीडशेच्या खाली कुठेतरी होता. प्रतिमिनिट हिशोब केला असता तर १.४ ÷ २२.३ × ३४ म्हणजे साधारण २.१ स्टील दिसले असते, आणि एवढ्यावरच तो लीगमधल्या सर्वोत्तम स्टील करणाऱ्यांत बसला असता. प्रत्यक्षात ३३.८ मिनिटांत त्याने ३.० ची सरासरी राखली, एकूण २२९ स्टील. संपूर्ण उडी कोणीच ओळखू शकलं नसतं. अर्धी उडी मात्र शीटमध्ये दिसायला हवी होती.

तेव्हा प्रत्येक आकडा प्रतिमिनिट ठेवा आणि मिनिटांचा एकच रकाना वेगळा ठेवा. मग एक तपासणी करा, जी मला सगळ्यात जास्त आवडते: प्रत्येक संघाच्या मिनिटांची बेरीज. एका सामन्यात ४८ मिनिटं आणि मैदानावर ५ खेळाडू, म्हणजे २४०. तुमच्या अंदाजात एखाद्या संघाची बेरीज २६५ येत असेल तर त्या संघातल्या कोणालातरी तुम्ही २५ मिनिटं उधार दिली आहेत. ती कोणाची काढायची हे ठरवताना तुम्हाला त्या संघाचा विचार करावाच लागतो, आणि यादीतली खरी सुधारणा तिथे होते. उन्हाळ्यात ज्यांनी बरेच खेळाडू घेतले अशा संघांत ही बेरीज हमखास फुगते, कारण प्रत्येक नवा खेळाडू आपली जुन्या संघातली मिनिटं सोबत घेऊन आलेला असतो.

हंगामाच्या शेवटच्या महिन्यातले आकडे जपून वापरा. तळाच्या संघांत मुख्य खेळाडू विश्रांतीवर असतात आणि राखीव खेळाडू ३५ मिनिटं खेळतात. ते आकडे खोटे नसतात, पण ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला की ती मिनिटं परत मिळत नाहीत.

नावं जुळत नाहीत, किंवा चुकीची जुळतात

शीटमध्ये एखादा मोठा खेळाडू रिकामा दिसला तर ती चूक निदान दिसते. दुसऱ्याचे आकडे त्याच्या नावावर आले तर दिसत नाही.

योकिच आणि डॉन्चिच यांच्या नावांच्या मूळ स्पेलिंगमध्ये काही अक्षरांवर खुणा असतात. एका ठिकाणच्या यादीत त्या असतात, दुसरीकडे नसतात, आणि मग जुळणी होत नाही. 'ज्युनिअर' लावलेल्या नावांचं तसंच. यावर उपाय म्हणून 'जवळपास सारखं नाव' शोधणारी जुळणी वापराल तर दुसरा खड्डा तयार आहे: मायामीकडे निकोला योविच नावाचा खेळाडू आहे, आणि योकिचच्या आणि त्याच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. ओक्लाहोमा सिटीकडे तर जेलन विल्यम्स आणि जेलिन विल्यम्स एकाच संघात आले, त्यामुळे नाव आणि संघ मिळून जुळवलं तरी सुटका नाही. नावाऐवजी खेळाडूचा ओळख क्रमांक वापरा. तो मिळत नसेल तर एकदाच बसून हाताने जुळणीचा तक्ता बनवा, तो पुढे वर्षानुवर्षं चालतो.

व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून ओळ शोधून आणणारं स्प्रेडशीटचं सूत्र) वापरत असाल तर शेवटच्या जागी 'फॉल्स' दिलं आहे याची खात्री करा. ते नसेल तर सूत्र जवळची कुठलीतरी ओळ उचलतं आणि चकार शब्द काढत नाही.

हंगामाच्या मध्यात ट्रेड झालेल्यांच्या अनेक ओळी असतात: प्रत्येक संघाची एक आणि एकत्रित एक. लुका डॉन्चिच २०२४-२५ मध्ये डॅलसकडून २२ आणि लॉस एंजेलिस लेकर्सकडून २८ सामने खेळला. सूत्राने पहिली सापडलेली ओळ घेतली तर ती कुठली असेल सांगता येत नाही. एकत्रित ओळ ठेवा, बाकीच्या पुसा. आणि टक्केवारी एका स्रोतातून ६१.१ व दुसऱ्यातून ०.६११ अशी आलेली नाही ना, हेही तेव्हाच बघा.

पंट करायचं ठरलं की यादी तीच राहत नाही

पंट म्हणजे एखादी कॅटेगरी जाणूनबुजून सोडून देणं. यानिस घेतलात तर फ्री थ्रो जवळजवळ गेलीच. मग त्या कॅटेगरीसाठी पुढे किंमत मोजणं व्यर्थ आहे, आणि जे खेळाडू फक्त फ्री थ्रोमुळे खाली होते ते तुमच्यासाठी वर यायला हवेत. हाताने हे जमत नाही. शीटच्या अगदी वर नऊ वजनांची एक ओळ ठेवा आणि बेरीज समप्रॉडक्टने काढा: प्रत्येक झेड-स्कोअर गुणिले त्याचं वजन. वर सांगितलेलं स्टीलचं ०.८, टर्नओव्हरचं ०.५ याच ओळीत बसतं. पंट ठरलं की त्या घरात शून्य टाका, यादी क्षणात नवी होते. त्या १५६ चा गट मात्र तेव्हा बदलू नका, कारण बाकीचे अकरा जण पंट करत नाहीत.

शून्य कधी टाकायचं? पहिल्या निवडीनंतर लगेच नको. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबा, एखादा उत्तम नेमबाज अनपेक्षितपणे हाती लागू शकतो.

जागांबद्दल थोडक्यात: सेंटरची सक्ती किती जागांवर आहे ते बघा. दोन सेंटर लावावेच लागत असतील तर एकूण किंमत सारखी असताना सेंटरला झुकतं माप द्या, बस. याहून किचकट गणिताने माझी यादी कधी सुधारली नाही.

ड्राफ्टच्या दिवशी

किमतीतला ०.१ चा फरक हा फरक नसतो. यादीत जिथे किंमत एकदम घसरते तिथे जाड रेघ मारा. दोन रेघांमधल्या गटातले सगळे सारखे समजा आणि त्यातून निवडताना सरासरी ड्राफ्ट स्थान (इतर ड्राफ्टमध्ये तो साधारण कितवा निवडला जातो) बघा: जो पुढच्या फेरीपर्यंत टिकणार नाही त्याला आधी घ्या. स्वतःची किंमत आणि सरासरी ड्राफ्ट स्थान यांचे रकाने शेजारी ठेवा, पण एकमेकांत मिसळू नका. मिसळले की तुमची यादी हळूहळू सगळ्यांच्या यादीसारखी होते आणि मेहनत फुकट जाते.

एखादं नाव तरीही हाताने हलवावंसं वाटलं तर हलवा. फक्त शेजारच्या रकान्यात कारण लिहा: 'मिनिटं वाढतील', 'गुडघा', 'नवा प्रशिक्षक'. ड्राफ्ट संपला की त्या शीटची तारीख घालून एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. एप्रिलमध्ये तीच प्रत उघडायची, अंदाजांच्या जागी खरे आकडे भरायचे आणि हाताने हलवलेली नावं आधी तपासायची.